मंडळाच्या नावावर अकरा गाड्या

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तर ऐकू येणार नाही, आणि आवाज चढवून सांगण्यातली ही गोष्ट नाही. बुवांना यायला अजून वेळ आहे, तोवर सांगतो. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही, सोन्याचं हरीण नाही. एक म्हातारी आहे, एक गाड्या विकणारा आहे आणि मार्च महिन्याचा शेवटचा दिवस आहे. मला कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. तुमचंही तसंच झालं तर पाणी मागा, संकोच करू नका.

लालबागच्या आमच्या देवळामागे एक छोटा हॉल आहे. तिथे दर एकादशीला संध्याकाळी पाचला कीर्तन असतं. मी झांज वाजवतो. लवू पखवाजावर. बाकी मंडळात सगळे साठीच्या पुढचे. पहिल्या ओळीत, बुवांच्या अगदी समोर, रमाबाई. नवरा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगी सुचित्रा लग्न होऊन वसईला. रमाबाई चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या मालवणकडच्या, त्यामुळे राग आला किंवा माया आली की मालवणी बोलतात. दोन्हीतलं नेमकं काय आलंय ते आवाजावरून ओळखायचं.

आणि धनेश. त्यांच्या शेजारच्या खोलीतला. त्याची आई दुपारपाळीला असायची, त्यामुळे तो शाळेतून आला की रमाबाईंकडे जेवायचा. भात आणि माशाचं तिखलं. आता छत्तिशी गाठली त्याने. लोअर परळला गाड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये सेल्सला आहे. म्हणजे होता. मंडळाची दरवर्षी नरसोबाच्या वाडीला सहल जाते, तिची सगळी उठाठेव हाच करायचा. आमची आधार कार्डं गोळा करणार, झेरॉक्स काढणार, एसटीत ज्येष्ठांची सवलत लावून घेणार, धर्मशाळेत खोल्या सांगणार. कुणाला खालचा पलंग लागतो, कुणाला रात्री चार वेळा उठावं लागतं, सगळं त्याच्या डोक्यात.

आता थोडा बाजार सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या दर महिन्याच्या एक तारखेला आकडा जाहीर करतात. गेल्या महिन्यात आम्ही एवढ्या मोटारी विकल्या, एवढे ट्रक विकले. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ही कंपनी आठ टक्क्यांनी वर, ती तीन टक्क्यांनी खाली. मला वाटायचं, विकल्या म्हणजे गिऱ्हाईक किल्ली घेऊन घरी गेलं. धनेश हसायचा. म्हणायचा, "काका, कंपनीने गाडी आमच्या गोडाऊनला ढकलली की कंपनीच्या लेखी ती विकली गेली. पुढे ती तिथे धूळ खात पडो. म्हणून आता शर्यत नोंदणीवर लावतात. आरटीओचा नंबर पडला तरच गाडी मोजायची."

खऱ्या कंपन्यांची नावं मी घेणार नाही. त्याच्या कंपनीला सारंग म्हणू, समोरच्या कंपनीला मेघ म्हणू. मुंबईत अकरा महिने मेघ पुढे होती. एक एप्रिलला धनेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. मार्चमध्ये मोटारी आणि छोटे ट्रक मिळून सारंगच्या बाराशे बारा, मेघच्या बाराशे पाच. सात गाड्यांनी बाजी मारली.

लवू म्हणाला, "बाराशे गाड्या विकून तू अजून चालतच येतोस काय रे?"

"लवूकाका, हलवाई पेढे खातो का?"

"खातो. आमच्या नाक्यावरचा खातो. म्हणून तर तो दरवाजात मावत नाही."

आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. रमाबाईंनी अर्धाच खाल्ला, त्यांना धाप लागत होती. धनेशच्या तोंडावरून मात्र हात फिरवला.

त्या आठवड्यात एक गंमत सुरू झाली. गंमतच वाटली होती तेव्हा. लवूला फोन यायला लागले. कोणी मुलगी विचारायची, सर, गाडीची पहिली फ्री सर्व्हिस कधी करायची. लवू सांगायचा, बाई, माझीच सर्व्हिस करणारं कोणी नाही. मलाही एक फोन आला, सीट कव्हर घ्या म्हणून. मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. एवढे म्हातारे एकाच आठवड्यात एकसारखे राँग नंबर घेतायत, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की रमाबाईंच्या हृदयाची झडप आता फार दिवस काढणार नाही. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गुरुवारची तारीख मिळाली. खर्च सुचित्राच्या आवाक्याबाहेरचा होता. पण तिथे गरीब रुग्णांसाठी ट्रस्टचा निधी आहे. केशरी रेशनकार्ड असलं आणि घरात चारचाकी नसली की ऑपरेशन फुकट होतं. निधीच्या समितीची बैठक आदल्या दिवशी, बुधवारी. रमाबाईंचं कार्ड केशरी. चारचाकी म्हणाल तर भाजीवाल्याची हातगाडी, तीसुद्धा चाळीच्या खाली. आम्ही निर्धास्त होतो.

शनिवारी सकाळी मी रमाबाईंना घेऊन तिथल्या समाजसेविकेकडे गेलो. ललिता मॅडम नाव त्यांचं. बाई मायाळू, पण कागदाला पक्क्या. आधार नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि थांबल्या. परत घातला.

"आजी, तुमच्या नावावर गाडी आहे."

"कसली गाडी?"

"चारचाकी. लाल रंगाची. एकतीस मार्चला नोंदणी झालीय."

रमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं. "गो बाय, माका जिनो चढूक जमणा नाय. मी गाडी खंय चालवतलंय?"

"तुम्ही नसाल चालवत. मुलाने, जावयाने घेतली असेल तुमच्या नावावर."

"मुलगो नाय माका. जावई रिक्षा चालवता."

मी मधे पडलो. म्हटलं, मॅडम, कॉम्प्युटरची चूक असेल. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नाव पूर्ण होतं. नवऱ्याचं नाव होतं. चाळीचं नाव, खोली नंबरसुद्धा. इंजिनचा नंबर, गाडीचा नंबर. मी ती ओळ तीनदा वाचली.

"काका, मी समितीपुढे हे लपवू शकत नाही," ललिता मॅडम म्हणाल्या. "गाडी यांची नाही असं विकणाऱ्याकडून लेखी आणा. मंगळवारपर्यंत आणलंत तर मी फाइल घालते."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. आणि बघा माणसाची बुद्धी. मला पहिलं काय सुचलं? म्हटलं, गाड्यांमधलं कळणारा आपल्याकडे एकच माणूस आहे, धनेश. तो शोधून देईल हे पाप कुणाचं ते. तशीच टॅक्सी केली आणि रमाबाईंना घेऊन त्याच्या शोरूमला गेलो.

काचेचा दरवाजा, आत एसी, फरशी अशी की चप्पल काढावीशी वाटावी. रमाबाईंना सोफ्यावर बसवलं. एक मुलगी हसत आली. "मॅडम, कुठलं मॉडेल बघायचंय?"

रमाबाई म्हणाल्या, "माजाच बघूक इलंय. लाल हा म्हणतत."

मुलगी गोंधळून निघून गेली. तेवढ्यात धनेश आला, दोन्ही हातांत पाण्याचे ग्लास घेऊन. "मावशी, तुम्ही इकडे? तब्येत?" मी ललिता मॅडमनी दिलेला कागद पुढे केला. त्याने वाचला. ग्लास टेबलावर ठेवताना एक आडवा झाला, पाणी सगळीकडे पसरलं आणि तो ते पुसायलाही हलला नाही.

मी म्हटलं, "अरे, कुणाचं काम असेल हे?"

त्याने कागदाची घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, जरा मागे चला."

शोरूमच्या मागे, जुन्या मिलच्या उंच भिंतीला लागून, त्यांचं आवार आहे. तिथे गाड्या दाटीने उभ्या होत्या. कडेची एक रांग मात्र वेगळी होती. त्या गाड्यांना नंबरप्लेट होत्या. त्याने एकेका गाडीवर हात ठेवत सांगितलं. ही रमाबाई मावशींची. ही तुमची, काका. ही सुभद्राबाईंची. शेवटी एक छोटा ट्रक, पांढरा. हा लवूकाकांचा.

अकरा. आमचं आख्खं मंडळ तिथे उभं होतं, आणि त्यांच्या काचांवर कबुतरांनी घाण केली होती.

"एकतीसला दुपारी आम्ही चार गाड्यांनी मागे होतो," धनेश म्हणाला. "सगळे शोरूमवाले करतात काका. घरच्यांच्या नावावर नंबर पाडायचे, महिना संपला की खऱ्या गिऱ्हाईकाच्या नावावर फिरवायचे. अजित सर मला म्हणाले, नावं आण. आई गेल्यावर माझ्याकडे घरचं कोण आहे? माझ्याकडे मंडळाच्या झेरॉक्स होत्या. पंधरा दिवसांत फिरवणार होतो. पण एप्रिलमध्ये मेघने नवीन मॉडेल काढलं आणि आमच्याकडे कोणी फिरकेना."

चार गाड्यांनी मागे, अकरा आमच्या, म्हणजे सात पुढे. आम्ही इकडे टाळ कुटत होतो आणि तिकडे आमच्या जिवावर एक कंपनी दुसरीला हरवत होती.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढे जायचा मला हक्क नाही. आधारला नुसती झेरॉक्स पुरत नाही, मोबाइलवर नंबर येतो तो सांगावा लागतो. एकतीस मार्चला दुपारी आम्ही हॉलमध्ये रामनवमीच्या तयारीला बसलो होतो. धनेशचा मला फोन आला. काका, एसटीच्या सवलतीसाठी सगळ्यांना ओटीपी येतील, तुम्ही वाचून सांगाल का, बाकीच्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी चष्मा पुसला आणि एकेकाचा मोबाइल घेऊन आकडे वाचत गेलो. वर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, फक्त आकडे वाचले. रमाबाई मोबाइल देईनात. म्हणाल्या, बँकवाले सांगतात ओटीपी कुणाला द्यायचा नाही. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "रमाबाई, बँकवाल्यांना चोरांची भीती. हा आपला धनेश आहे." त्यांनी मोबाइल दिला आणि माझ्या फोनवरून धनेशशी दोन शब्द बोलल्या. त्यांच्या गाडीचा नंबर धनेशने पाडला, पण मोबाइल मी मागितला होता.

धनेशने मला अजित सरांच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर. चाळिशीचा, बोलायला गोड. सगळं ऐकून घेतलं, हळहळला, रमाबाईंसाठी कॉफी पाठवली. मग म्हणाला, "काका, पत्र नाही देता येणार. एका गाडीचं दिलं तर अकराही निघतील. या शोरूमला मार्चची ट्रॉफी मिळालीय. तीस एप्रिलपर्यंत मी स्वतः मावशींची गाडी ट्रान्सफर करतो, शब्द देतो."

"ऑपरेशन गुरुवारी आहे."

"तारीख पुढे घ्या ना. पंधरा दिवसांनी काय होतंय?"

मी धनेशकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. मी म्हटलं, तू दे लिहून. तो म्हणाला, "काका, माझ्या सहीने नोकरी तर जाईलच, वर केस होईल. मला वेळ द्या." मी त्याला काय काय बोललो ते या जागी सांगत नाही. देव बसलाय इथे.

टॅक्सीत रमाबाईंना मी सगळं सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. दादरपर्यंत रस्ता चुकून टॅक्सी गेली, तरी आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पेढो दिलान तेवा त्याचो हात थरथरत होतो. माका वाटला, आनंदान."

रविवार गेला. सोमवारी सुचित्रा सगळीकडे फिरून आली. रेशनिंग ऑफिस म्हणालं, आरटीओत जा. आरटीओ म्हणालं, शोरूममध्ये जा. रमाबाईंना रात्री आडवं झोपता येईना, त्या बसूनच राहायच्या.

मंगळवारी एकादशी. मी त्यांना म्हटलं, येऊ नका. त्या आल्याच. दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणल्या. लवूला आणि बाकी बहुतेकांना तोवर कळलं होतं. लवू पखवाजाला कणीक लावत म्हणाला, "शामराव, माझ्या नावावर ट्रक आहे म्हणतात. मी सायकलवरून दोनदा पडलोय." कोणी हसलं नाही. तोही हसला नाही.

बुवांनी पूर्वरंग संपवला. मधला गजर झाला. बुक्का लावत, हार घालत जरा उसंत असते ना, तेवढ्यात मागून कोणीतरी पुढे आलं. धनेश. शोरूमचा शर्ट अंगावर होता, खिशावर कंपनीचं चिन्ह. बुवांच्या पाया पडला आणि तिथेच वळून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. बुवांना वाटलं, हार घालायला आला. त्यांनी हारसुद्धा पुढे केला.

तो म्हणाला, "मला दोन मिनिटं बोलायचंय." आणि बोलला. अकरा नावं घेतली, एकेकाकडे बघून. कुणाची कुठली गाडी, कुठला नंबर. झांजेवरची माझी बोटं तशीच राहिली. सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना आपल्या नावावर गाडी आहे हे तेव्हाच कळलं, आदल्या तीन दिवसांत कुणाच्याने त्यांना सांगवलं नव्हतं. बाहेर कुणीतरी नारळ फोडला तो आत ऐकू आला.

धनेश म्हणाला, "मी सगळं लिहून आणलंय. सही केलीय, नोटरी केलंय. हे ललिता मॅडमना देतो, मग पोलीस स्टेशनला जातो. तुम्ही मला माफ करा असं मी म्हणत नाही."

बुवा काही बोलणार होते. त्याआधी रमाबाई खुर्चीतून बोलल्या. आवाज बारीक, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचला.

"मोबाइल दिल्यावर तू फोनवर माका काय सांगितलंस, ता सांग सगळ्यांका."

धनेश कागद वर धरून उभा.

"सांग मेल्या."

"मावशी, तुम्हाला खिडकीची सीट लिहितो म्हणालो."

"खिडकीची सीट," रमाबाई म्हणाल्या. "माका गाडी लागता म्हणान."

बस. पुढे एक शब्द नाही. शिवी नाही, रडणं नाही. मी पुष्कळ कीर्तनं ऐकलीत. हिरण्यकशिपूच्या पोटाला नखं लागतात तिथे बाया डोळे झाकतात, ते पाहिलंय. पण त्या दिवशी धनेशकडे बघवेना म्हणून भरल्या हॉलमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याने कागद वर धरला होता तो तसाच धरून तो बाहेर गेला.

बुवांनी उत्तररंग केला नाही. आरती केली आणि म्हणाले, आज एवढंच.

ललिता मॅडमनी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ऑफिस उघडं ठेवून तो कागद घेतला. बुधवारी समितीने फाइल मंजूर केली. गुरुवारी सकाळी रमाबाईंना आत नेलं, दुपारी अडीचला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झालं. आणखी आठवडाभर थांबलो असतो तर काय झालं असतं ते मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शोरूमने दुसऱ्याच दिवशी धनेशला काढलं आणि तक्रार दिली, की हे सगळं त्याने एकट्याने, कुणालाही न सांगता केलं. अजित सरांनी तशी जबानी दिली. पोलिसांनी मला विचारलं, ओटीपी कुणी वाचले? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, तुम्ही फसवले गेलात असं लिहितो. मी म्हटलं, लिहा, पण रमाबाई नको म्हणत असताना मी मोबाइल द्यायला लावला हेही लिहा. त्यांनी ते लिहिलं नाही, म्हणाले त्याला कागदात जागा नाही.

गाड्यांवरून आमची नावं एकेक करून निघाली. लवूचा ट्रक गणपतीपर्यंत त्याच्याच नावावर होता. आणि मला ज्याचा अजून धक्का बसतो ते हे. मी परवा पोराकडून त्या कंपनीचं पान उघडून घेतलं. मार्चचा आकडा बघितला. मुंबई, बाराशे बारा. अजून तसाच आहे. त्यातले अकरा खोटे आहेत हे एका माणसाने सही करून सांगितलं, त्यासाठी तो कोर्टात उभा आहे, आणि आकडा जिथल्या तिथे.

रमाबाई आता स्वतःच्या पायांनी जिना उतरतात. धनेशशी बोलत नाहीत. तो चाळ सोडून प्रतीक्षानगरला गेला. जामिनावर आहे, एका गॅरेजमध्ये हिशेबाचं नाही, नुसतं गाड्या धुण्याचं काम मिळालंय. कीर्तनाला येत नाही. पण दर एकादशीला, बुवा यायच्या आधी, रमाबाई मला हळूच विचारतात, "त्याची तारीख कदी हा?" मी सांगतो. त्या मान हलवतात आणि समोर बघतात.

तुम्ही त्याला ओळखत नाही. त्याने केलं ते वाईट, हे मी झाकत नाही, आणि त्याला सोडा असं कुणालाही सांगत नाही. पण येत्या सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता तो एकटाच कोर्टाच्या बाकावर बसलेला असेल. त्या वेळी तुम्ही जिथे असाल तिथे, पोळी लाटत असाल, बस धरत असाल, क्षणभर हात जोडा आणि त्याचं नाव घ्या. धनेश म्हणतात त्याला. विसरू नका.